केशोरावांचा मेन स्विच

केशोराव एसटीतून निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा पाय अजून नोकरीत आहे. सोफ्यावर बसून टीव्ही पाहताना मालिकेतली एखादी बाई जिन्यावरून धावत सुटली की हा पाय फरशीवर ब्रेक दाबतो. माझ्या मोटरसायकलवर मागे बसले की वळणाच्या बरंच आधी त्यांचा हात बाहेर येतो. मी म्हणतो, "काकाजी, इंडिकेटर दिलाय मी." ते म्हणतात, "तुयावर भरोसा हाय रे, तुया इंडिकेटरवर नाई."

आमची घरं गोंदियाजवळच्या कुडव्यात समोरासमोर. त्यांच्या दर्शनी खोलीत काचेचं कपाट आहे. त्यात सुलोचनाकाकूंचा कधीही न वापरलेला कपबशांचा सेट, मुलगा हिमांशूची शाळेतली ढाल, आणि मधोमध लाल मखमलीवर विनाअपघात सेवेचा बिल्ला. घरी आलेल्या माणसाला चहा उशिरा मिळेल, पण बिल्ला लवकर दिसेल अशी बैठकीची मांडणी आहे. पाहुण्याने स्वतःहून विचारलं नाही तर काकाजी कपाटाची काच पुसायला उठतात.

त्यांची उमेदीची वर्षं अर्जुनी मोरगावकडच्या मुक्कामी गाडीवर गेली. शेवटची गाडी गावात न्यायची, तिथेच झोपायचं, पहाटे तीच परत आणायची. गावात पोचल्यावर त्यांचा एक नेम होता. गाडी उभी करायची, चाकाला दगड लावायचा, मेन स्विच बंद करायचा आणि मगच डबा उघडायचा. बसला तसा स्विच असतो. तो फिरवला की बॅटरीचा आणि गाडीचा संबंध तुटतो. काही ड्रायव्हर विसरत, काही आळस करत. काकाजी कधीच विसरले नाहीत, कारण अशाच एका मुक्कामाच्या गावात त्यांनी तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची उभी जीप जळताना पाहिली होती. उंदरानं वायर कुरतडली होती म्हणतात. विहिरीवरून बादल्या येईपर्यंत जिपेचा सांगाडा उरला. "उभी गाडी झोपलेली दिसते," काकाजी सांगतात, "पन बॅटरी जागीच राह्यते. तिले झोपवा लागते."

हा नेम त्यांनी घरातही आणला. लग्नाला निघाले की मीटरखालचा मेन खाली. एकदा चार दिवसांनी परत आल्यावर फ्रिज उघडला, तर त्याचा वास आमच्या घरापर्यंत आला. काकू अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "फ्रिज का एसटी आहे? त्याले कायले मुक्कामी टाकलं?" काकाजींनी शांतपणे उत्तर दिलं, "घर तं जळलं नाई ना?"

मग हिमांशूनं गाडी आणली. दोन हजार बाराची दिवाळी होती. नागपूरहून आणलेली चंदेरी रंगाची, जुनी पण नीटनेटकी पेट्रोल गाडी. हिमांशूचं ऑफिस गोंदियातच, त्याला मोटरसायकल पुरत होती. गाडी घेतली ती आचलसाठी. आचल त्यांची सून. गोरेगावच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात रक्त-लघवी तपासण्याचं काम करते. बस तिला सोयीची नव्हती. एक फार लवकर आणि दुसरी फार उशिरा.

गाडी शिकवायला काकाजींशिवाय दुसरं कोण असणार? सकाळी कुडव्याबाहेरच्या मोकळ्या मैदानात दोघांची शाळा भरायची. सासरा बाजूच्या सीटवर ताठ, सून स्टिअरिंगला चिकटलेली. सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू न देणारी घरं आमच्याकडे अजून आहेत. या घरात सासरा सुनेला म्हणत होता, "बाई, क्लच असा सोड, जसं झोपल्या लेकराखालून हात काढतेस." आचल लवकर शिकली. लायसन्स आलं त्या दिवशी काकाजींनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं, "माझी चेली आहे. एसटीत बायका डायवर घेतल्या तं पहिली हेच लागन."

महिनाभर सगळं छान चाललं. मग जानेवारीच्या शेवटी बाजूच्या गल्लीतल्या कोणाच्या तरी गाडीत उंदीर शिरला आणि वायर तोडून गेला. ही बातमी काकाजींच्या कानावर आली. आणि त्यांना ती जीप आठवली.

या गाडीला मेन स्विच नव्हता. काकाजींनी सगळीकडे शोधला. मग त्यांनी आपल्या डोक्यानं उपाय काढला. दिवाबत्तीची वेळ झाली की बोनेट उघडायचं, बॅटरीची काळी वायर पान्यानं ढिली करून काढायची आणि जुन्या मोज्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. पहाटे नळाचं पाणी भरायला उठले की पुन्हा लावायची. यात चोरी काहीच नव्हती. सगळ्यांनी त्यांना बोनेटमध्ये वाकलेलं पाहिलं. जुना ड्रायव्हर पाणी-ऑइल बघतोय, असंच आम्हाला वाटलं. मी तर एकदा विचारलंही होतं, "काकाजी, इंजिनाला अंगाईगीत म्हणून राहिले का?" ते म्हणाले, "तसंच समज."

आणि गाडी आजारी पडली.

सुरू तर व्हायची, पण उभी राहिली की अंगात हिव भरल्यासारखी थरथरायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली जायचा, वर यायचा, पुन्हा खाली, आणि भप्पकन बंद. समोर पिवळे दिवे लागायचे. एक इंजिनाच्या चित्राचा, एक स्टिअरिंगचा. स्टिअरिंगचा थोडं चालल्यावर जायचा, इंजिनाचा हटून बसायचा. घड्याळ रोज सकाळी बारावर. आचल बिचारी रोज वेळ लावायची आणि घड्याळच बिघडलंय असं धरून चालायची.

गाडी धावत असली की ठीक, थांबली की रडायची. आणि गोरेगावच्या वाटेवर रेल्वे फाटक आहे. फाटकाशी थांबल्यावर काय होणार ते सांगायला नको. फाटक उघडायचं, मागचे भोंगे सुरू, आणि आचलची गाडी बंद. रोजचे दुधवाले तिला ओळखायला लागले. "मॅडम, धक्का देऊ का?" ट्रकवाला म्हणायचा, "दीदी, पहले मैदान में सीख लो." गल्लीत बातमी यायला वेळ लागत नाही. आम्हीही हसलो. बाई, गाडी आणि फाटक, एवढं साहित्य मिळाल्यावर कुडव्यातल्या पानठेल्यावर दुसरा विषय कशाला लागतो?

आचलनं घरी सासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, माझा पाय पूर्ण क्लचवर असतो. गिअरही काढलेला असतो. तरी बंद पडते."

काकाजींनी तिच्याकडे मास्तरासारखं पाहिलं. "बाई, गाडी कधी खोटं नाई बोलत. डायवर बोलते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. किती नव्या ड्रायव्हरांना त्यांनी ते ऐकवलं असेल. "मामाजी, तुम्ही म्हणता तर असेल," आचल म्हणाली. दुसऱ्या दिवशी काकाजी तिच्यासोबत फाटकापर्यंत गेले आणि "हाफ क्लच, हाफ क्लच" करत तिचा पाय बघत राहिले. गाडी बंद पडलीच. "पाहा," ते म्हणाले, "घाबरली तू. गाडीले समजते."

हिमांशूनं गाडी खुशालच्या गॅरेजात नेली. खुशाल मिस्त्री हा काही फार मोठा जाणकार नाही. तो आधी साफ करतो, मग बदलतो आणि शेवटी विचार करतो. त्यानं हवेचा रस्ता साफ केला, प्लग बदलले, मशीन जोडून दिवा घालवला. दिवसभर गॅरेजात गाडी मांजरीसारखी गुरगुरली. संध्याकाळी घरी आली, आणि सकाळी पुन्हा तेच हिव. दुसऱ्यांदा नेली तेव्हा काकाजीही सोबत होते, आणि माझी मोटरसायकल तिथेच दुरुस्तीला होती म्हणून मीही.

खुशाल वैतागला होता. बोनेटमध्ये डोकं घालून तो म्हणाला, "भैया, बैटरी किसने खोली थी क्या? ये गाड़ी के अंदर छोटा दिमाग रहता है. खड़े-खड़े कितनी हवा लेना, चलते-चलते सीखती है. बैटरी का तार निकाला कि सब भूल जाती है. ये तो ऐसा कर रही जैसे रोज पहली क्लास में बैठ रही."

हिमांशू हसला. "घरी कोण काढणार? आचलला तर बोनेट कुठून उघडते तेही माहीत नाही."

"फिर मैडम का पैर भारी होगा," खुशालनं हात पुसत निकाल दिला.

मी सहज काकाजींकडे पाहिलं. ते टायरच्या ढिगाशी उभे होते आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर चोळत होते. बॅटरीच्या टोकावर जी हिरवट पूड धरते ती त्यांच्या नखात होती. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. मला वाटलं, सुनेचं नाव निघालं म्हणून ओशाळले असतील. त्यांनी तोंड उघडलं, खाकरले, आणि म्हणाले, "चहा घेता का कोनी?"

त्या संध्याकाळी त्यांनी बोनेट उघडलं नाही. पुढेही नाही. हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं. त्यांचा हिशेब सरळ होता. वायर काढायची बंद केली की गाडी आपोआप शिकेल, शिकली की बंद पडणार नाही, आणि गोष्ट मिटेल. कोणाला काही सांगायची गरज नाही. बिल्ला मखमलीवर राहील.

पण त्याच संध्याकाळी हिमांशूनं चावी आपल्या खिशात घातली. "थोडे दिवस मी चालवून पाहतो. मग कळेल दोष कोणात आहे."

आणि गाडी सुधारली. दोन-तीन दिवस कुरकुरली, मग अशी गुळगुळीत चालायला लागली की पिवळा दिवाही एका दुपारी आपोआप विझला. हिमांशूनं जेवताना जाहीर केलं, "हात बदलला, गाडी सुधारली. बाबा, तुम्ही म्हणता ना, गाडी खोटं नाही बोलत?"

काकाजींच्या हातातला घास ताटात परत गेला. त्यांनी चोरून केलेली दुरुस्ती सुनेविरुद्ध साक्ष देत होती. आधी तिच्यावर फक्त संशय होता, आता पुरावा झाला होता.

आचल पुन्हा बसनं जायला लागली. आपली जुनी स्कूटी स्टँडवर लावायची आणि गोरेगावची बस पकडायची. तिनं भांडण केलं नाही, आणि काकाजींना तेच सोसवेना. ते प्रायश्चित्ताच्या मागे लागले, पण तेही चोरून. ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून तिच्यासाठी खिडकीची सीट धरून ठेवायला लावली. बाजारातून द्राक्षं आणली, ती तिला आवडतात म्हणून. तिची स्कूटी रोज पुसून ठेवायला लागले. काकू म्हणाल्या, "जन्मात स्वतःची चप्पल नाई पुसली या माणसानं. अंगात का शिरलं?" मीही चिडवलं, "काकाजी, निवृत्तीनंतर क्लीनरची नोकरी धरली का?" एरवी त्यांनी मला उलटं टोलवलं असतं. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, "क्लीनर बरा राह्यते रे. त्याच्या हातानं मानूस नाई चिरडत."

कोणी चिरडलं नव्हतं, म्हणून मी हसून सोडून दिलं.

मग एका सकाळी ते भाजी घेऊन येत होते. बसचा संप की काय होतं, म्हणून आचल स्कूटीनंच गोरेगावला निघाली होती. फाटक नुकतंच उघडलं होतं. काकाजींनी पाहिलं, तर आचल फाटकाच्या अलीकडे स्कूटीवरून उतरली, गाडी बंद केली, आणि हातानं ढकलत रूळ पार करायला लागली. मागून दुधवाले, ट्रक, सायकली तिच्या बाजूनं निघून गेल्या. ती मान खाली घालून ढकलत राहिली. पलीकडे गेल्यावर तिनं आधी मागे-पुढे कोणी नाही ते पाहिलं, आणि मगच स्कूटी सुरू केली. ही स्कूटी ती कॉलेजपासून चालवत होती.

काकाजी भाजीची पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. घरी गेलेच नाहीत. "एखाद्या डायवरनं," ते म्हणाले, "गाडी ठोकली, आन् कंडक्टरचं नाव सांगतलं, तं तू त्याले का म्हनशील?"

"त्याला ड्रायव्हर नाही म्हणणार," मी बोलून गेलो.

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मला मोज्याची गोष्ट सांगितली. मी म्हटलं, "मग सांगून टाका ना काकाजी. घरचीच तर माणसं."

"घरचीच हाय म्हनून तं जमून नाई राह्यलं. डेपोत असतं तं चौकशी लागली असती, साहेबानं विचारलं असतं, मी सांगून मोकळा झालो असतो. घरी कोनी विचारूनच नाई राह्यलं."

रविवारी विचारणारा आला. आचल चालवणारच नाही, तर गाडी ठेवायची कशाला, म्हणून हिमांशूनं ती विकायला काढली होती. आमगावकडचे कोणी गुरुजी बायकोला घेऊन गाडी पाहायला आले. अंगणात खुर्च्या टाकल्या. मीही गेलो, कारण गल्लीत गाडी विकली जात असताना घरात बसणं आमच्यात बसत नाही. गुरुजींनी चाकांना लाथा मारून पाहिल्या, दारं उघडून लावली, आणि विचारलं, "गाडी तर चांगली दिसते. मग काऊन विकून राहिले?"

हिमांशू हसत म्हणाला, "गाडीत काही नाही हो. आमच्या मिसेसचा हात बसला नाही."

आचल चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. ट्रे हलला नाही. ती फक्त तिथेच थांबली, आत जावं की बाहेर यावं हे न कळल्यासारखी. गुरुजींची बायको समजूतदारपणे म्हणाली, "होते हो असं. सगळ्याइले नाई जमत."

काकाजी उठले. मला वाटलं, आता काच पुसायला जाणार. ते गाडीकडे गेले. बोनेट उघडलं, खिशातून पाना काढला, काळी वायर ढिली केली आणि वर उचलून धरली. साप धरलेल्या माणसासारखे दिसत होते ते. बऱ्याच वेळानं त्यांनी वायर पुन्हा लावली, ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि चावी फिरवली.

गाडी थरथरली. काटा खाली, वर, खाली. पिवळे दिवे लागले ते लागलेच. घड्याळ बारावर. आणि भप्पकन बंद.

काकाजी खाली उतरले. "हे पाहा," ते गुरुजींना म्हणाले, पण पाहत होते दाराकडे. "हे मी केलो. रोज. उंदराच्या भेवानं रोज सांजच्याले वायर काढत होतो, पहाटे लावत होतो. तिचा हात बसला होता. पायही बसला होता. गाडी खोटं नाई बोलली, डायवर बी नाई बोलली. बोललो मी. बोललो बी नाई, गप राह्यलो, ते त्याहून वंगाळ."

गुरुजींनी कप खाली ठेवला. सासऱ्यानं रोज वायर काढलेली गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला असावा. "विचार करून कळवतो," असं म्हणून ते बायकोसह निघाले. ते अजून विचारच करत आहेत.

हिमांशूचा चेहरा लाल झाला होता. "बाबा, खुशालनं विचारलं तेव्हा तुम्ही तिथंच होते. तेव्हा काऊन नाही सांगितलं?"

"बिल्ला आडवा आला," काकाजी म्हणाले. "तू बी तिले गोड नाई बोलला बाप्पा. तू बी चावी खिशात घालून बसला. पन सुरुवात मायी."

आचलनं ट्रे खुर्चीवर ठेवला. माझी अपेक्षा होती की ती रडेल, किंवा "जाऊ द्या मामाजी" म्हणेल. आमच्याकडे सुनांना हे वाक्य माहेराहून पाठ करून पाठवतात. ती म्हणाली, "मामाजी, मी तुमच्यावर इतका विश्वास ठेवला की माझा पाय क्लचवर आहे हे मला दिसत असूनही मला वाटायला लागलं, नसेल." आणि आत गेली.

त्यानंतर काही दिवस त्या घरात भांड्यांचाच आवाज येत होता. काकाजींनी बिल्ला कपाटातून काढला नाही. तसं केलं असतं तर नाटक झालं असतं, आणि काकूंनी तो पुन्हा तिथेच ठेवला असता. पण पाहुणे आले की ते काच पुसायला उठेनासे झाले. गाडी अंगणात उभी होती. पुन्हा पहिलीत बसलेली. हिमांशूनं चावी खिळ्याला टांगली होती आणि तो गाडीकडे पाहायचंही टाळत होता.

एका सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो. आचल बाहेर आली. खांद्याला बॅग, हातात गाडीची चावी. काकाजी नळाशी होते.

"चला मामाजी," ती म्हणाली. आवाजात गोडवा नव्हता, पण दारही लावलेलं नव्हतं. "तुम्ही विसरायला लावलं, तुम्हीच बसा शिकवायला. फाटकापर्यंत."

काकाजी पाण्याची बादली तशीच भरती सोडून गाडीत बसले. मीही मोटरसायकल काढली. मला तिकडे काही काम नव्हतं, हे मान्य.

फाटक बंद होतं. गाडी थांबली, थरथरली, पिवळा दिवा लागला, आणि मालगाडीचा शेवटचा डबा जाऊन फाटक उघडता उघडता इंजिन बंद पडलं. भोंगे सुरू झाले. नेहमीचा दुधवाला कॅन सांभाळत बाजूला आला, "आल्या का मॅडम परत? धक्का देऊ?"

बाजूच्या खिडकीतून केशोराव कमरेपर्यंत बाहेर आले. एसटीत असताना साइड न देणाऱ्या बैलगाडीवाल्याला शिव्या घालायचे त्या आवाजात ओरडले, "अबे, मॅडमचा दोष नाई! मी बिघडवली! केशोराव म्हंतेत मले, कुडव्याचा! कोनाले बोलाचं हाय ते मले बोला!"

भोंगे थांबले. एवढ्या आवाजात चूक कबूल करणारा माणूस फाटकानं आधी पाहिला नसावा. आचलनं शांतपणे चावी फिरवली, क्लच झोपल्या लेकराखालून हात काढावा तसा सोडला, आणि गाडी रूळ ओलांडून गेली. पलीकडे जाऊन तिनं गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. ते थरथरत राहिलं, पण बंद पडलं नाही. "किती वाजले मामाजी?" तिनं विचारलं. काकाजींनी मनगटावरच्या घड्याळात पाहून सांगितलं. तिनं गाडीतल्या घड्याळात तीच वेळ लावली.

ती वेळ तेव्हापासून पुन्हा लावावी लागलेली नाही, म्हणजे घड्याळ नीट चालू आहे. गाडीही. आचल रोज जाते-येते. सासऱ्याशी बोलते, पण "मामाजी, तुम्ही म्हणता तर असेल" हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा मी ऐकलेलं नाही. ते आता ऐकायला मिळत नाही, हे काकाजींच्या चेहऱ्यावर दिसतं.

दिवाबत्तीच्या वेळी ते अजून अंगणात येतात. चाकाला दगड लावतात. बोनेटसमोर उभे राहतात, दोन्ही हात पाठीमागे, डाव्या हातानं उजव्याचं मनगट घट्ट धरून. परवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून आचलचा आवाज आला, "मामाजी!"

"नाई काढून राह्यलो, बाई," केशोराव म्हणाले. "नुसता उभा हाय."